नाथाजीची तारीख

खडकवाडीतल्या प्रत्येक गड्याला दोन वयं असत. एक त्याच्या आईला ठाऊक असे आणि दुसरं सरकारला. आईच्या लेखी पंधरा-सोळाचा असलेला पोरगा भरतीच्या मैदानात पाय ठेवला की अठरा-एकोणीसचा होई, छाती फुगवून उभा राही आणि पलटणीत जाई. लवकर चिकटला तर लवकर बढती, लवकर पेन्शन, असा गावाचा सरळ विचार होता. यात कुणाला पाप वाटत नसे. वडूजपासून तीन कोसांवरचं ते माळावरचं गाव. पावसाच्या मनात आलं तर तो येई, नाही तर तोंड फिरवून निघून जाई. रान भाकरी देईलच असं नव्हतं, पलटण मात्र देई.

कोंडीबा हवालदार याच वाटेनं गेलेला. पंधराव्या वर्षी अठराचा झाला, पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गुडघ्यात गोळी घेतली आणि तीन बिल्ले नि पेन्शन घेऊन लंगडत घरी आला. आता तो खरा चौपन्नचा होता आणि कागदावर सत्तावन्नचा. पोरगा आकाराम यालाही त्यानं सोळाव्या वर्षी एकोणीसचा करून बेळगावला पोचवला होता. तो आकाराम नाईक झाला आणि इटलीच्या लढाईवर गेला, त्याला आता आठ महिने होत आले होते. घरात राहिले तिघं. म्हातारा, आकारामची बायको साळूबाई आणि चौथीत शिकणारा लालासाहेब.

नाव लालासाहेब असलं तरी साहेबासारखं त्याच्यात काही नव्हतं. मनगटं काडीची, मान लांब, आणि डोळे सदा पुस्तकात नाही तर आभाळात. शाळेत नाव घालायला म्हाताराच गेला होता आणि रिवाजाप्रमाणे त्यानं नातवाचं वय वाढवून दिलं होतं. तेव्हापासून पोरगा कागदावर अडीच वर्षांनी पुढं होता. खरं तर त्या वाढीव वयालाही कुणी हसलं नसतं. पण मौज अशी, की सांगून सांगून म्हाताऱ्याला आपलंच खोटं खरं वाटायला लागलं होतं. रोज सकाळी तो पोराला अंगणात उभा करून कवायत घ्यायचा, आडावरून भरलेली घागर आणायला लावायचा, आणि पोराची मान डुगडुगली की कडाडायचा, "चौदाव्यातला गडी तू, आन् घागरीखाली मान लटपटती?"

साळूबाई चुलीपुढं बसून ऐकायची. पोरगा अकरा संपवून बाराव्यात आहे हे तिला ठाऊक होतं. ज्वारीच्या खळ्यावर तिला कळा सुरू झाल्या होत्या. कणसांच्या ढिगावरून उठून ती घरी आली आणि दिवस बुडायच्या आत लाला झाला. आई ते विसरेल कशी? पण सासऱ्याला उलटून बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. सून बोलायची ती म्हशीशी किंवा पोराशी, आणि म्हाताऱ्यानं ते ऐकून घ्यायचं.

वैशाखात ती रानात धसकटं वेचत होती. ज्वारी कापल्यावर बोटभर बुडखं मातीत उभी राहतात. ती पावसाआधी उपटून काढली नाहीत तर कुळव चालत नाही. उपटताना हाताची सालपटं निघतात. आकाराम असता तर हे काम चार दिवसांचं, एकटीला दहा दिवस लागायचे. तिनं हाताला चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि त्यातूनही रक्त वर आलं होतं. ऊन एवढं होतं की मातीला हात लावला तर चटका बसावा. तेवढ्यात बांधावरून छत्री येताना दिसली. गावात छत्री एकट्या मोहिद्दीन मास्तरांकडं होती.

मास्तर बांधावरच थांबले. त्यांनी तिथूनच सांगितलं, की साताऱ्याला इंग्रजी शाळेत लालाचं जमण्यासारखं आहे. लढाईवर असलेल्या शिपायांच्या पोरांना फी माफ होती, बोर्डिंगात राहणं-जेवणही फुकट होतं. तालुक्यातून दोन पोरं घ्यायची होती आणि चौथीच्या परीक्षेत लाला तालुक्यात दुसरा आला होता. एवढं सांगून ते छत्रीच्या दांड्याशी चाळा करू लागले. साळूबाईनं ओळखलं की गोड बोलून झालं, आता कडू यायचं आहे.

"अट एकच हाय," मास्तर म्हणाले. "एक जूनला बारा वर्सं पुरी झाल्याली नसावीत. आन् माझ्या रजिस्टरात पोराला चौदावं लागलंय."

तिनं सांगितलं, की ते मामंजींनी वाढवून दिलेलं आहे, आख्खं गाव देतं. मास्तरांनाही ते ठाऊक होतंच. पण लिहिलेलं खोडायचा अधिकार त्यांना नव्हता. त्याला वडूजच्या कचेरीतून जन्माचा दाखला हवा आणि घरातल्या कर्त्या पुरुषानं शपथेवर लिहून द्यायला हवं, की पहिली तारीख चुकीची होती. बाप लढाईवर, म्हणजे ते हवालदारांनीच करायला हवं होतं. मुदत होती बारा दिवसांची.

"कंची तारीख लिव्हलीया?" तिनं सहज विचारलं.

मास्तरांनी खिशातून चिठ्ठी काढली. "एकतीस जुलै, सन तीस. नागपंचमीचा दुसरा दिवस. हवालदारांनी पंचांग बघितल्यासारखं सांगितलं हुतं."

साळूबाईच्या हातातली धसकटं खाली पडली. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी लाला झाला नव्हता. त्या दिवशी नाथाजी झाला होता. तिचा पहिला. सोळाव्या वर्षी पदरात पडलेला, म्हसवडच्या सिद्धनाथाचं नाव ठेवलेला, आणि चालायला लागला न लागला तोच तापानं गेलेला. आकारामला रजा मिळाली नव्हती, त्यानं पोराचं तोंडही धड पाहिलं नव्हतं. ओढ्याकाठी खड्डा म्हाताऱ्यानंच खणला होता. पुढं लाला झाला आणि घरानं नाथाजीचं नाव घेणं टाकलं. गेलेलं पोर मोजू नये, राहिलेल्याला दृष्ट लागते, असं सासू मरेपर्यंत सांगायची. म्हणून किती पोरं विचारलं की साळूबाई एक सांगायची. आणि इकडं चार वर्षं तिचा लाला नाथाजीच्या तारखेवर हजेरी देत होता. तिला आधी भीती वाटली आणि मग एवढा राग आला, की मास्तर गेलेलेही तिला कळलं नाही.

दिवस मावळायच्या सुमाराला ती धार काढायला बसली. म्हातारा ओसरीवर विडी ओढत होता. तिनं म्हशीला सगळं सांगितलं. शाळेचं सांगितलं, फी माफीचं सांगितलं, वडूजच्या शपथेचं सांगितलं. नाथाजीचं मात्र तिच्या तोंडातून आलं नाही.

म्हाताऱ्यानं विडी संपवली. "लाला, तुज्या आईला सांग," तो म्हणाला, "पुढल्या साली तू पंधराचा हुतोस. बॉईज कंपनीत पोरं घ्यायला लागल्यात. तितं शाळा हाय, कपडा हाय, पगार हाय. आन् सरकारला म्या खोटं सांगितलं म्हून कचेरीत जाऊन सांगू? ह्येचं वय सुटलं की आकारामचं सुटंल, मग माजं सवताचं. पेन्शन घेत्याली माणसं हाईत आपुन."

म्हाताऱ्याची भीती अगदीच खोटी नव्हती. त्या घरातल्या तिन्ही पुरुषांची वयं एकाच दोरीत ओवलेली होती आणि टोक ओढलं तर कुठवर उसवेल, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

पुढचे चार-पाच दिवस साळूबाई रानात राबली. धसकटं संपवून तिनं ढेकळं फोडायला घेतली. मोगरी उचलायची आणि आपटायची. दुपारी सावलीला बसून ती लालाला आकारामचं पत्र पुन्हा वाचायला लावायची. दीड महिना वाटेत घालवून आलेलं ते पत्र, निम्म्या ओळी सरकारनं काळ्या केलेल्या. आकारामनं स्वतःच्या वाकड्या हातानं लिहिलं होतं, की हितं डोंगर लय हाईत आन् थंडी हाय. नकाशा वाचतो तो सायेब हुतो आन् वझं व्हातो तो मी. पोराला शाळंतनं काढू नगा. एवढ्या शेवटच्या ओळीवर सरकारची शाई पडलेली नव्हती. लाला ती वाचून दाखवायचा आणि आई काय म्हणते याची वाट बघायचा.

सहाव्या दिवशी ती रानातून आली तेव्हा म्हाताऱ्यानं पोराच्या खांद्यावर जात्याची फुटकी तळी दिली होती आणि अंगणात फेऱ्या मारायला लावल्या होत्या. बॉईज कंपनीत आधी अंगबळ बघतात म्हणे. पोरगं घामानं निथळत होतं, गुडघे आत वळले होते, आणि म्हातारा ओसरीवरून पावलं मोजत होता. दहाव्या फेरीला लाला बसला. म्हातारा म्हणाला, "तुज्या वयाला म्या बंदुकीसकट वीस मैल चाललोय."

साळूबाईनं मोगरी भिंतीला टेकवली. पदर सारखा केला आणि लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर ती पहिल्यांदा सासऱ्याकडं तोंड करून बोलली.

"मामंजी, त्येचं वय ते न्हवं. ते नाथाजीचं हाय."

म्हाताऱ्याची पावलं मोजणारी बोटं थांबली.

"मास्तरांनी तारीख वाचली. माज्या गेलेल्या पोराचं वय माज्या हाय त्या पोराच्या अंगावर घातलंसा, आन् ते त्येला हुईना म्हून त्येलाच बोलताय. नाथाजी असता तर उचलली असती त्येनं तळी. ह्यो न्हाई नाथाजी. परवा म्या वडूजला जानार. तुमी आलासा तर बरं. न्हाई आलासा तर साहेबाच्या पायावर डोकं ठेवीन, पर जानार."

तिला वाटलं होतं म्हातारा काठी उचलेल. त्यानं उचलली, पण काठीच्या आधारानं उठला आणि मारुतीच्या देवळाकडं निघून गेला. जेवायलाही तो उशिरा आला.

बाजाराच्या दिवशी ती दिवस उगवायला पोराला घेऊन निघाली. भाकरी बांधून घेतली, बाजरीचं बी आणायला रिकामं पोतं घेतलं. वेशीत बघते तर म्हातारा उभा. खाकी कोट घातलेला, तिन्ही बिल्ले लावलेले, पटका कडक. येतोय का, काय सांगणार आहे, यातलं काही न बोलता तो पुढं चालायला लागला. बिल्ले लावून माणूस खोटं कबूल करायला जात नाही, असं साळूबाईला वाटलं. तीन कोस ती तेच मनात घोळवत गेली. आधी बाजार उरकून बी घेतलं, आणि मग तिघं कचेरीत शिरली.

बिल्ल्यांचा मान तिथंही होता. कारकुनानं हवालदाराला बघून शिपायाला खुर्ची आणायला लावली. साळूबाई भिंतीला लागून उभी राहिली, लाला तिच्या पुढं. हवालदारानं मास्तरांची चिठ्ठी दिली. कारकुनानं ती वाचून जन्माच्या वह्या काढल्या. पोलीसपाटील गावातून लिहून धाडी त्यावरून या वह्या भरलेल्या. त्यात पोराचं नाव नसे, बापाचं असे. सन तेहतीसची वही निघाली. आकाराम कोंडीबा यास मुलगा. मग शाळेची तारीख पडताळायला सन तीसची निघाली. तिथंही आकाराम कोंडीबा यास मुलगा.

कारकुनानं चष्मा वर केला. "दोन मुलगे आहेत. मग हा कुठला?"

लालाकडं बघून तो किंचित हसलाही. एवढं पोर चौदाव्यातलं कसं असेल, असं त्याला वाटलं असावं. पण कचेरी उंची बघत नाही, कागद बघते. त्यानं साळूबाईला विचारलं, की बाई, तुला पोरं किती झाली.

एक म्हणायची सवय तिच्या जिभेवर बसलेली होती. सासूचा शब्दही आठवला. पण तिनं लालाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "दोन. एक हाय, एक न्हाई."

"गेला तो थोरला की धाकटा?"

ती तोंड उघडणार तोच कारकुनानं हात वर केला. सही हवालदारांची पडायची आहे तेव्हा त्यांनाच सांगू दे, असं तो म्हणाला. आता सगळं त्या एका शब्दावर आलं होतं. म्हाताऱ्यानं धाकटा गेला म्हटलं असतं, तर लाला कायमचा थोरला झाला असता आणि पुढच्या वर्षी पलटणीत गेला असता. साळूबाई काही ओरडून सांगणार नव्हती, आणि सांगितलं असतं तरी ते लिहिलं गेलं नसतं.

म्हाताऱ्यानं लालाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कवायतीला रोज समोर उभं असणारं पोर त्यानं असं कधी पाहिलं नसावं. मग तो खुर्चीवरून उठला. काठी खुर्चीला टेकवली, दोन्ही हात मांड्यांना लावले आणि साहेबापुढं उभं राहतात तसा उभा राहिला.

"थोरला गेला, साहेब. नाथाजी नाव हुतं. सन एकतीस. म्याच पुरला."

कारकुनानं मयताची वही काढली. मुलगा, वय वर्ष एक महिने चार, ताप. खबर देणाऱ्याच्या रकान्यात पलटणीत शिकलेली कोंडीबाची ठसठशीत सही होती. कारकुनानं वही त्याच्यापुढं फिरवली आणि सही तुमचीच ना, असं विचारलं. म्हाताऱ्यानं मान हलवली.

"मग शाळेत त्याची तारीख कशी लागली?"

"म्या लावली."

"का?"

"नवी तारीख कशाला रचायची म्हटलं. ही पाटलाच्या वहीत हुती. अडीच वर्सं आदी भरती झाला असता पोरगा." मग खालच्या आवाजात म्हणाला, "वाया गेली हुती ती तारीख."

आजूबाजूच्या मेजांवरचे चार कारकून टाक थांबवून ऐकत होते. एक जण हसला. शिपाई रिकामी खुर्ची उचलून घेऊन गेला आणि ती दुसऱ्या कुणाला तरी दिली. म्हातारा गुडघ्यातली गोळी सांभाळत तसाच उभा होता. साळूबाईला त्याचा राग धरून ठेवायचा होता, पण तो हातातून निसटत चालला होता आणि त्याचंच तिला वाईट वाटत होतं.

शपथेचा कागद लिहायला घेतला तेव्हा कारकुनानं पहिल्याच ओळीला विचारलं, "हवालदार, तुमचं वय?"

म्हातारा घुटमळला. साळूबाईकडं त्यानं चोरून पाहिलं. तिनं नजर फरशीवर ठेवली. घरातलं एक वय आज सरळ झालं होतं. बाकीची ज्याची त्यानं निस्तरावीत, असं तिनं मनात ठरवून टाकलं.

"सत्तावन्न," म्हातारा म्हणाला, आणि मग ईश्वरास स्मरून खरं सांगतो म्हणून त्यानं सही केली.

दाखला हातात पडायला दुपार कलली. तो मास्तरांकडं पोचवायला मुदतीत अजून चार दिवस होते. तिघं परत फिरली. पुढं म्हातारा, मध्ये डोक्यावर बियाचं पोतं घेतलेला लाला, मागं साळूबाई. पोतं लालाच्या डोक्यावर कुणी दिलं नव्हतं. रोजच्या सवयीनं त्यानंच ते घेतलं होतं. वारं पडलं होतं, माळ भाजून निघत होता. चालता चालता साळूबाईला वाटलं, की आता वडूजच्या वहीत तिची पोरं दोन आहेत. एक जून महिन्यात साताऱ्याला जाईल. दुसऱ्याला त्याची तारीख परत मिळाली. ओढा आला तेव्हा तिनं नेहमीप्रमाणे मान फिरवली नाही. करंजाच्या झाडाखालच्या त्या जागेकडं तिनं सरळ पाहिलं आणि पदरानं डोळे पुसले.

म्हातारा ओढ्याच्या वाळूत थांबला होता. लाला जवळ आला तसं त्यानं विचारलं, "कितवं चाललंय रं तुला?"

"चौदावं," लाला पाठ केल्यासारखं म्हणाला.

"न्हाई," म्हातारा म्हणाला. "बारावं."

लाला आईकडं बघायला लागला. म्हाताऱ्यानं पटका काढून पोराच्या हातात दिला, त्याच्या डोक्यावरचं पोतं उचललं आणि स्वतःच्या उघड्या डोक्यावर घेतलं. मग काठी टेकत, खुरडत, तो पलीकडचा चढ चढायला लागला. साळूबाई मागून चालत होती. पोत्याखाली म्हाताऱ्याची मान लटपटत होती, पण ती काही बोलली नाही.